घरात उडकी, कचेरीत लगीन

मगदुमांच्या घरात सगळ्यांच्या आधी उठायचं चंदनानं, आणि सगळ्यांच्या आधी दिसेनासं व्हायचं तेही चंदनानंच. चूल पेटवायची, दिवसाचं पाणी फडक्यातून गाळून ठेवायचं, सोपा झाडायचा, आणि थोरली जाऊ जयाबाई अंघोळ करून देवळाकडं निघायच्या आत परसातल्या तंबाखूच्या वखारीत जाऊन बसायचं. जयाबाई उंबऱ्यावर आली की एकदा खाकरायची. अजून कुणी समोर असेल तर निघा, असा त्याचा अर्थ. चंदनाच्या हातचं पाणी त्या घराला चालायचं, तिचं तोंड चालायचं नाही. कारण चंदना उडकीची होती.

निपाणी-चिकोडीकडच्या जैन शेतकरी घरांत विधवेला पुन्हा संसार मांडायची मुभा पूर्वापार होती. फक्त त्याला लग्न म्हणायचं नाही. लग्न बाईचं एकदाच. दुसऱ्यांदा होते ती उडकी. तिला मांडव नाही, वाजंत्री नाही, उपाध्ये नाही, हळद तर नाहीच. अंधार पडून गाव निजलं की मागच्या दारानं दोन-चार विधवा बायका येणार, नव्या नवऱ्यानं आणलेलं लुगडं बाईच्या खांद्यावर टाकणार, बांगड्या भरणार, गळ्यात डोरलं बांधणार आणि आल्या तशा निघून जाणार. दुसऱ्या दिवशी सवाष्णींनी तिचं तोंड बघायचं नाही. पुढं जन्मभर कुणाच्या हळदीला, ओटीला, बारशाला तिनं पुढं यायचं नाही. बाकी संसार अगदी इतर बायकांसारखाच करायचा, कामं तर त्यांच्याहून थोडी जास्तच.

चंदना बेडकीहाळच्या खोतांची. सतराव्या वर्षी मानमोडीच्या तापाच्या साथीत पहिला नवरा गेला. मग दहा वर्षं भावजयांची बाळंतपणं काढण्यात गेली. अशात गळतग्याचा नेमिनाथ मगदूम परदेशातून परत आला, आणि त्याची पहिली बायको तो तिकडं असतानाच वारली होती, म्हणून चंदनाच्या भावांनी घाईघाईनं गाठ घालून दिली. ते साल एकोणीसशे अठ्ठावीस.

नेमिनाथला तंबाखूचं पान बोटांत चोळून वास घेतला की ते कुठल्या शिवारातलं हे सांगता यायचं. तेवढ्या नाकाच्या जोरावर मिसरूड फुटायच्या वयात तो निपाणीला खरेदीला येणाऱ्या एका काठेवाडी व्यापाऱ्याच्या नजरेत भरला आणि त्याच्या डर्बनच्या दुकानात जाऊन बसला. पुढं दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं हिंदुस्थानातल्या नव्या माणसांना दार लावून घेतलं. आधीच आत असलेल्यांना मात्र कायम राहण्याचा हक्क मिळाला. नेमिनाथ आत होता. गावी आला तो डोक्यावर हॅट, केसांना गोड वासाचं मेण आणि बोलण्यात अधूनमधून गुजराती घेऊन.

माणूस वाईट नव्हता. हात उगारायचा नाही, जेवणाला नावं ठेवायचा नाही. वखारीत तंबाखूच्या धुळीनं चंदना खोकायला लागली की स्वतः उठून तांब्याभर पाणी आणून द्यायचा. आणि समुद्रापलीकडच्या गोष्टी सांगायचा. त्यातली एकच तिनं मनात धरून ठेवली होती. तो म्हणाला होता, "तितं कोन कुनाचं तोंड बगाय बसलेलं नसतंय गं. ज्यो त्यो आपल्या कामाला." त्या दिवसापासून चंदनाला डर्बनला जायचं होतं. समुद्र कसा असतो, बोट कशी हलते, कशाची तिला भीती वाटली नाही. सकाळी उठून आपल्याच घरात लपायचं नाही, एवढ्यासाठी ती कितीही लांब जायला तयार होती.

अडचण अशी की तो हक्क पातळ दोरीवर होता. तीन वर्षं बाहेर राहिलं की तुटला. अडीच वर्षं तर गावात भावाची शेती बघण्यात आणि हॅट मिरवण्यात कधी सरली ते नेमिनाथला कळलंच नाही. त्याला आता जायलाच हवं होतं. बायकोला नेलं तर नेलं, नाहीतर तो गेल्यावर चंदना रायाप्पाच्या वखारीत, खोकत, जयाबाईच्या खाकरण्यावर उठत-बसत राहणार. रायाप्पा म्हणजे नेमिनाथचा थोरला भाऊ, घरचा कारभारी.

म्हणून तिघंजण बेळगावला रघुवीर हेरेकर वकिलांकडं गेले. हेरेकर जुने, मऊ बोलणारे, आणि परदेशाच्या कागदांची कामं करणारे म्हणून माहीत असलेले. त्यांच्या ओसरीवर तेच ते प्रश्न रोज येत असावेत, कारण विचारायच्या आधीच ते उत्तर द्यायला लागत. बायको नेता येते का? येते, पण एकच. पहिली असेल तर? मेली असली पाहिजे, आणि मेल्याची नोंद हवी. मुलं? सोळाच्या आतली, तीही आईबरोबर. आई, बहीण, मेव्हणा? नाही. बायको ही खरोखर बायको आहे हे कोण ठरवणार? इथले मॅजिस्ट्रेट. ते साक्षी घेतील, दाखला देतील, तो दाखला तिकडं बंदरावर दाखवायचा. दाखला नसला तर? त्याच बोटीनं परत.

रायाप्पानं मध्येच विचारलं, भाऊ नेता येतो का. वकील म्हणाले, नाही. मग रायाप्पा जरा पुढं सरकला आणि हळू आवाजात म्हणाला की भावाला मुलगा म्हणून लिहिलं तर कसं. हेरेकरांनी त्याच्या पांढऱ्या मिशांकडं पाहिलं, मग नेमिनाथच्या काळ्या केसांकडं पाहिलं आणि म्हणाले, "बापापेक्षा मुलगा सात वर्षांनी मोठा दिसतोय, मगदूम. साहेबांना चष्मा आहे." नेमिनाथ हसला. रायाप्पा हसला नाही.

शेवटी वकिलांनी विचारलं, लग्न कुठल्या पद्धतीनं झालं.  चंदनानंच खाली बघत सांगितलं, उडकी. हेरेकर म्हणाले, मग चिंताच नाही. तुमच्यात ती चाल जुनी आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, कायदा तिला लग्नच धरतो. त्या वेळी हजर असलेली एखादी बाई साक्षीला आणा, दहा मिनिटांत काम होईल.

इतकं सोपं होतं सगळं. खरं बोललं की संपलं.

 घरी पोचल्यावर हातपाय धुऊन, जेवून, सुपारी तोंडात टाकून मग रायाप्पानं सांगितलं की कचेरीत उडकीचं नाव निघणार नाही. त्याची मुलगी पद्मावती सांगलीकडच्या एका मोठ्या घरात द्यायचं चाललं होतं. ते लोक आपल्या सात पिढ्यांत उडकी नाही असं छातीवर हात ठेवून सांगणारे. बेळगावच्या कचेरीत सरकारी कागदावर मगदुमांची सून उडकीची असं चढलं, तर सोयरीक गेली. सबब, नेमिनाथचं चंदनाशी लग्न झालं. मांडव घालून, उपाध्ये बोलावून, पंगती उठवून.

नेमिनाथ काय म्हणतो म्हणून चंदनानं दाराआडून कान दिला. तो म्हणाला, "चालंल की अन्ना. डर्बनला बी मी तसंच सांगितलंय." चंदनाला हे नवीन होतं. हा माणूस तिला आपल्या नावाचं डोरलं बांधायला लावून, तिच्या हातचं जेवून, तिकडच्या लोकांना पत्रानं कळवत होता की आपलं थाटाचं लग्न झालं. तिनं दार सोडलं आणि चुलीपाशी जाऊन बसली. 

मग सोप्यावर तालमी सुरू झाल्या. साक्षीदार दोन. भरमा म्हणजे शेजारचा शेतकरी, रायाप्पाचा मिंधा. आणि मष्णू, गावात लग्नाकार्यात सनई वाजवणारा. चंदना वखारीत पानं निवडत असायची आणि मधल्या भिंतीच्या जाळीतून तिला तिचंच लग्न ऐकू यायचं. मांडव किती खांबांचा होता, बुंदी होती की जिलेबी, वरात कुठून कुठं गेली. रायाप्पा स्वतः बारीकसारीक घालत होता. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपून चालणारा, सूर्य मावळला की पाण्याचा थेंब न घेणारा हा माणूस खोटं बोलताना मात्र असा रंगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, बुंदी अजून याच्या दाढेत आहे.

मष्णूला एक शंका होती. तो म्हणाला, "मालक, वाजिवलं न्हाय त्ये वाजिवलं म्हनतो. पर सायबानं इचारलं, काय वाजिवलंस, तर काय सांगू?" रायाप्पानं सांगितलं, जे नेहमी वाजवतोस ते. मष्णू म्हणाला, उडकीला नेहमी काहीच वाजवत नाही. रायाप्पानं सुपारीचा थुंका अंगणात टाकला आणि परत पहिल्यापासून सुरू कर म्हणाला.

चंदनाला सगळ्यात जास्त शिसारी याची यायची की हेच लोक संध्याकाळी उठून तिला बाजूला व्हायला सांगत. दुपारभर सोप्यावर ती लग्नाची सवाष्ण, हळदीनं माखलेली, उपाध्येंच्या आशीर्वादाची. दिवेलागणीला जयाबाई खाकरली की पुन्हा उडकीची. एका भिंतीच्या अलीकडं आणि पलीकडं तिची दोन लग्नं चालली होती, आणि दोन्हींत तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

चार दिवस ऐकून घेतल्यावर तिनं स्वतःच विषय काढला. सोप्यावर आली, पदर सारखा केला आणि म्हणाली की अण्णा सांगतील तसं कचेरीत बोलायला आपण तयार आहोत.

रायाप्पाचा चेहरा उजळला. नेमिनाथही मान डोलवायला लागला.

"एकच म्हननं हाय," ती म्हणाली. "मी लग्नाची आसन, तर पद्माच्या लग्नात पयली हळद मी लावनार. सगळ्या पावन्यांच्या म्होरं."

जयाबाई आतून ताडकन बाहेर आली आणि तिनं पद्मावतीला, जणू कुणी आत्ताच हळदीचं बोट पुढं केलं आहे अशी, हात धरून माजघरात ओढून नेलं. वास्तविक गेली दोन वर्षं त्या मुलीची वेणी चंदनाच घालत होती. रायाप्पा म्हणाला, शुभकार्यात असलं अभद्र बोलू नये. कचेरी वेगळी, घर वेगळं. नेमिनाथनं तिला बाजूला घेऊन समजावलं की चार शब्दांचं काम आहे, बोलायचं आणि विसरायचं, आपल्याला तर जायचंच आहे ना. तो जवळ आला की त्या मेणाचा गोड वास यायचा. पूर्वी तिला तो आवडायचा.

सुनावणीच्या पहिल्या तारखेला ते सगळे बेळगावला कचेरीत गेले. दिवसभर व्हरांड्यात बसावं लागलं. भिंतीचे कोपरे पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेले, पाठ टेकायची सोय नाही. मॅजिस्ट्रेट धारवाडकडचे होते. कानडीत विचार करून मराठीत बोलत, त्यामुळं प्रत्येक प्रश्न सावकाश यायचा आणि उत्तर देणाऱ्याला घाम फुटायला भरपूर वेळ मिळायचा. भरमानं सांगितलं, वरात घोड्यावरून निघाली. मष्णूनं सांगितलं, मी मोटारीच्या पुढं वाजवत चाललो होतो. साहेबांनी चष्मा काढून विचारलं की घोडा मोटारीत होता काय. कारकून हसला. हेरेकर वकिलांनी कागदात डोकं घातलं. त्यांनाही हे सगळं तिथंच कळत होतं.

नेमिनाथनं शपथेवर सांगितलं, लग्न. रायाप्पानं शपथेवर सांगितलं, लग्न. मग साहेबांनी चंदनाला पुढं बोलावलं.

तिनं ठरवलं असं काही नव्हतं. घरून निघताना तिला वाटलं होतं, आपणही म्हणून टाकावं आणि सुटावं. पण उभी राहिली तेव्हा शेजारी रायाप्पा होता आणि तो अजूनही हळू आवाजात ओठांनी तिला शब्द पुरवत होता, लगीन, मांडव, उपाध्ये, जसं एखाद्या लहान मुलीला पाढे द्यावेत. तिला त्या हलणाऱ्या ओठांचीच किळस आली.

"लगीन न्हाय, सायेब," ती म्हणाली. "आमची उडकी झालीया."

साहेबांनी लेखणी ठेवली. नवरा एक सांगतो, बायको दुसरं सांगते, साक्षीदार तिसरं. असल्या कागदावर मी सही करत नाही, असं ते म्हणाले. उडकी झाली असेल तर त्या वेळच्या बाईला घेऊन या. पंधरा दिवसांनी. त्यानंतर अर्ज निकालात निघेल.

त्या पंधरा दिवसांत घरात तिच्याशी कुणी धड बोललं नाही. जेवण परसात, झोपणं वखारीत. नेमिनाथ येऊन दोन-तीनदा म्हणाला की तू मला तोंडघशी पाडलंस. तिनं विचारलं, आता साक्षीला त्या रात्री लुगडं टाकणाऱ्या अंबुबाईला आणायचं की नाही. तो म्हणाला, अण्णांना विचारतो. अडतीस वर्षांचा बाप्या, समुद्र दोनदा ओलांडलेला, त्याला अजून अण्णांना विचारायचं होतं.

ती स्वतःच अंबुबाईकडं गेली. अंबुबाई सत्तरीची, न कळत्या वयात विधवा झालेली, आणि गावात कुणाचीही उडकी असली की लुगडं खांद्यावर टाकायला पहिली बोलावली जाणारी. तिनं सगळं ऐकलं, हसून दम लागेपर्यंत हसली, आणि मग थुंकली.

"ह्यो रायाप्पा व्हय," ती म्हणाली. "अगं, ह्येच्या आईच्या खांद्यावर लुगडं म्याच टाकलं की. दुसरपनीचीच व्हती ती बी. ही दोगं भाऊ तिच्याच पोटची. गावातली माज्या वयाची चार मानसं ऱ्हायलीत, त्यास्नी सगळं म्हाईत हाय."

 सासूला चंदनानं पाहिलं नव्हतं. म्हणजे त्या घरात आपल्या आधी एक बाई तशीच भल्या पहाटे उठली होती, तशीच वखारीत जाऊन बसली होती, आणि तिचीच मुलं आता सात पिढ्यांच्या सोवळ्याची गोष्ट करत होती. तिनं विचारलं, हे कचेरीत सांगायचं का. अंबुबाई म्हणाली, तू विचारलंस तर मी तुझं सांगेन. मेलेल्या बाईला बेळगावला कशाला ओढायचं. चंदनालाही ते पटलं. आपला दाखला मिळवायला दुसऱ्या बाईचं अंथरूण चव्हाट्यावर झटकायचं, हे तिला नको होतं.

दुसऱ्या तारखेला अंबुबाई नवं लुगडं नेसून आली. साहेबांपुढं ती सरळ कानडीत बोलायला लागली, आणि साहेबांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. उडकी हा शब्द त्यांच्याही गावचा होता. कोण कोण होतं, लुगडं कुठल्या रंगाचं, डोरलं कुणी बांधलं, त्यांनी विचारलं, तिनं सांगितलं. हेरेकर वकिलांनी सुस्कारा सोडला. आता सही होणार असं कारकुनालासुद्धा वाटलं.

तेव्हा रायाप्पा उभा राहिला. लग्नाची गोष्ट मोडली होती, ते त्याला दिसत होतं. उडकी मान्य करायची नव्हती. म्हणून त्यानं तिसरी वाट काढली. हात जोडून तो म्हणाला की साहेब, आता लाज सोडून खरं सांगतो. लग्नही नाही आणि उडकीही नाही. आमच्या घराण्यात असलं काही होत नाही. भाऊ परदेशातून आला, एकटा होता, त्यानं ही बाई ठेवली. पुरुषमाणूस आहे, होतं असं. आम्ही पोटात घातलं.

कचेरीत इतका वेळ पंख्याची दोरी ओढणाऱ्या माणसाचासुद्धा हात थांबला.

चंदनानं नवऱ्याकडं पाहिलं. एक शब्द त्यानं बोलायचा होता. तो आपल्या बुटांकडं बघत होता. घराण्याला ठेवलेली बाई पचत होती, तिनं नाव खराब होत नव्हतं, उलट पुरुषमाणूस म्हणून जरा मिरवताही येत होतं. न पचणारी होती ती फक्त डोरलं बांधलेली विधवा. आणि हा तिचा माणूस, ज्याच्याबरोबर जायला ती समुद्र ओलांडणार होती, तो हॅटची कड बोटांनी फिरवत उभा होता. साहेबांनी त्याला विचारलं, तुमचं काय म्हणणं. तो म्हणाला, अण्णा थोरले आहेत.

साहेबांनी चंदनाला विचारलं, तुम्हाला काही विचारायचं आहे का यांना. ती थोरल्या दिराकडं वळलीच नाही. त्याच्याकडून तिला काही नको होतं. ती नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिली.

"अवो, माजं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमची आई ठेवलेली व्हती का, तेवडं सायबास्नी सांगा."

रायाप्पा मध्ये काही बोलायला गेला. साहेबांनी हात वर करून त्याला गप्प केलं. खाली बसलेली अंबुबाई नेमिनाथकडं बघत राहिली. तिनं त्याच्या जन्माच्या वेळी गरम पाणी ओतलं होतं. तिच्यासमोर "लग्न" म्हणता येत नव्हतं, आणि दुसरा शब्द आईला लावता येत नव्हता. नेमिनाथच्या कपाळावरून मेणाचा ओघळ खाली आला. तो त्यानं पुसला नाही.

"उडकीची," तो म्हणाला.

साहेब म्हणाले, मोठ्यानं सांगा, लिहायचं आहे.

"उडकीची व्हती, सायेब. आमची आई."

"आणि ही?"

"ही बी."

दाखला त्याच दिवशी झाला. उडकी पद्धतीनं विवाह, जातीत मान्य, एकमेव पत्नी. नेमिनाथनं वळणदार इंग्रजी सही केली, चंदनानं अंगठा दिला. बाहेर पडल्यावर नेमिनाथला एकदम हुशारी आली. काम झालं म्हणाला, हॉटेलात काही गोड खाऊ या म्हणाला. चंदना अंबुबाईचा हात धरून मोटारीच्या अड्ड्याकडं चालायला लागली. रायाप्पा आधीच्या गाडीनं निघून गेला होता.

पुढचे आठ-दहा दिवस ती अंबुबाईकडंच राहिली. सांगलीकडच्या माणसांना सगळं कळलं, कळायचंच होतं. त्यांनी सोयरीक काही मोडली नाही. त्यांनी निरोप पाठवला की जी आफ्रिकेला चालली आहे तिच्याबद्दल आम्ही काही ऐकलेलं नाही, लग्नाच्या आधी ती गेलेली असली म्हणजे झालं. रायाप्पानं तो निरोप तसाच, तुपातला लाडू वाटावा तसा आनंदानं, भावाकडून चंदनाला पोचवला. म्हणजे एवढं सगळं ज्या भीतीपायी केलं, ती भीतीही खोटीच निघाली. ज्यांच्यासाठी आईला आणि भावजयीला कचेरीत नासवलं, त्यांना खरं-खोटं कशाशीच देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त मांडवात तोंड दिसायला नको होतं. एकदा विहिरीच्या वाटेवर पद्मावती मैत्रिणींबरोबर समोरून आली. तिनं चंदनाला पाहिलं, पदर ओढला आणि भिंतीकडं तोंड केलं. वेणी सैल होती. कुणीतरी घाईत घातलेली दिसत होती.

मग बेळगावच्या स्टेशनावरून ती दोघं निघाली. मिरजेच्या पुढं डब्यात एक पुणेकर गृहस्थ समोर येऊन बसले. बोलका माणूस. नेमिनाथची हॅट पाहून त्यांनी चौकशी सुरू केली. डर्बन म्हटल्यावर ते फारच खूश झाले. सहकुटुंब चाललात, छान, लग्नाला किती वर्षं झाली म्हणाले.

नेमिनाथ सरसावून बसला. "तीन हुतील आता," तो म्हणाला. "लगीन लई थाटात झालं बगा आमचं. आमच्याकडं मांडव म्हंजे..."

"लगीन न्हाय," चंदना खिडकीतून तोंड न वळवता म्हणाली. "मी इधवा हुते. उडकी केली ह्येंनी. ह्यास्नी सांगाय लाज वाटती, म्हनून मी सांगते."

गृहस्थांना अचानक आपल्या वळकटीचा पट्टा आवळायची आठवण झाली. ते बराच वेळ तो आवळत राहिले आणि पुढच्या स्टेशनावर पाणी प्यायला म्हणून उतरले ते दुसऱ्या डब्यात जाऊन बसले. नेमिनाथ दबक्या आवाजात म्हणाला की चार लोकांत असं कशाला बोलायचं, आणि डर्बनला तरी असं बोलू नकोस, तिथं आपलं नाव आहे.

"तुमी काय सांगायचं त्ये सांगा," ती म्हणाली. "मला कुनी इचारलं की मी ह्येच सांगनार. तितं तर कागदच हाय माज्याकडं."

नेमिनाथनं हॅट काढून मांडीवर ठेवली, परत घातली, परत काढली. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं होतं. चंदनानं फडकं सोडलं, भाकरीचे दोन वाटे केले, एक त्याच्यापुढं सरकवला, आणि त्याच्याकडं पाठ करून आपला वाटा खायला लागली.